ऊन पडलं की वाढणारी नदी

ठाणे आणि नवी मुंबईतून हिमालयात माणसं घेऊन जाणाऱ्या गिरिभ्रमण संस्था, ट्रेकिंग ग्रुप आणि यात्रा कंपन्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की पुढच्या मे महिन्याच्या हिमालयाच्या जाहिराती सुरू होतात. गंगोत्री, गोमुख, तपोवन. तुमची माहितीपत्रकं मी दरवर्षी आवडीने वाचते. बूट कोणते घ्यावेत, थर्मल किती जोड, डॉक्टरचा दाखला कधी द्यायचा, पहिल्या दिवशी जेवायला काय, सगळं त्यात असतं. ज्या नदीच्या काठाने आठ दिवस चालायचं, तिच्याबद्दल मात्र एक ओळही नसते. ती ओळ यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ठाण्यातल्या एका शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. कॉलेजात असल्यापासून सह्याद्री पायाखाली आहे. गंगोत्री हिमनदीच्या तोंडातून, म्हणजे गोमुखातून, निघणाऱ्या भागीरथीच्या खोऱ्यात तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा देवळं आणि शिखरं बघितली. तिसऱ्या वेळी नदी बघितली, आणि तीही एका अपघातामुळे.

आधी आपल्या नद्यांबद्दल थोडं बोलते, कारण चूक तिथूनच सुरू होते. आपण उल्हास, काळू, भातसा यांच्या खोऱ्यात वाढलेली माणसं. आपल्या नद्या पावसाच्या. मे महिन्यात त्यांच्या पात्रात गोटे उरतात, जूनमध्ये त्या जाग्या होतात आणि जुलैत चवताळतात. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. आदल्या दिवसापासून पाऊस थांबला नव्हता. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर दर पावसाळ्यात बंदी घालावी लागते, तीही त्याच कारणाने. म्हणून आपल्याकडे पऱ्ह्या ओलांडायचा झाला की कसलेला माणूस आधी घाटमाथ्याकडे बघतो. वर काळं दिसलं तर थांबतो. पाऊस उघडला की तास-दोन तास वाट बघतो, पाणी उतरतं, मग दोर लावून सगळ्यांना पार करतो. आभाळ मोकळं तर पाणी कमी, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. हे ज्ञान खरं आहे आणि त्याने माणसं वाचवली आहेत.

हेच ज्ञान गंगोत्रीच्या वर उलटं पडतं.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रुपबरोबर मी तपोवनला गेले होते. तपोवन साधारण 4,460 मीटरवर आहे, शिवलिंग शिखराच्या पायथ्याशी. चढताना आम्ही आकाशगंगा नावाचा ओहोळ सकाळी लवकर ओलांडला होता. पाणी घोट्याच्या थोडं वर होतं, मुलं हसतखेळत पार झाली. परतीच्या दिवशी आमचा गढवाली वाटाड्या पहाटे चारलाच उठून तंबू हलवू लागला. "दीदी, पाँच बजे निकलना है, बाद में नाला चढ़ जाएगा." आमच्या म्होरक्याने आभाळाकडे बघितलं. एकही ढग नव्हता. त्याला शिवलिंगावर ऊन पडल्यावर बॅनर धरून सगळ्यांचा फोटो काढायचा होता. मग नाश्ता झाला, उपमा झाला, सामान आवरलं. निघायला साडेदहा वाजले.

ओहोळाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाणी मांडीला लागत होतं आणि तळ दिसत नव्हता. दोर लावला, साखळी केली. तरी कळव्याची एक मुलगी पाय सटकून पडली आणि आठ-दहा फूट खाली वाहत गेली. एका पोर्टरने तिच्या सॅकचा पट्टा पकडला म्हणून ती सापडली. घोटा मोडला होता. तिला पाठीवर घेऊन भोजबासाच्या मुक्कामाला आणलं ते त्याच पोर्टरने.

संध्याकाळी आमचा म्होरक्या सुन्न बसला होता. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पाऊस नाही, ढग नाही, दिवसभर लख्ख ऊन. पाणी आलं कुठून?"

तो मुलगा निष्काळजी नव्हता, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. सह्याद्रीत भर पावसात मी त्याच्या भरवशावर कडे उतरले आहे. तो ज्या शाळेत शिकला होता, तिथे ऊन हे सुटकेचं चिन्ह होतं. ती नदी उन्हावरच वाढते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. हिमनदीचा धडा मी 31 वर्षं शिकवला, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले, आणि त्या सकाळी उपम्याची ताटली हातात घेऊन बसून राहिले. त्या दिवसापासून हे मला डाचतं आहे.

तर पाणी येतं ते असं. सकाळी ऊन चढलं की वरचं बर्फ आणि हिम वितळू लागतं. ते पाणी लगेच खाली येत नाही. भेगांतून, बर्फाच्या पोटातल्या बोगद्यांतून वाट काढत उतरतं, त्याला काही तास लागतात. म्हणून लहान ओहोळ दुपारी फुगतात, गोमुखाजवळची मोठी नदी संध्याकाळी सर्वात भरलेली असते. रात्री वर गोठण सुरू होते आणि पहाटेपर्यंत पाणी उतरतं. मोठ्या प्रवाहात हा चढउतार थोडा असतो, छोट्या ओहोळात तो माणूस वाहून नेण्याइतका असतो. आणि लागोपाठ चार दिवस कडक ऊन पडलं, म्हणजे आपल्या भाषेत हवा अगदी सुरेख असली, की पाचव्या दिवशी पाणी आणखी जास्त. आपला वाटाड्या आभाळाकडे बघतच नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता.

वर्षाचं चक्रही तसंच वेगळं आहे. आपली नदी मे महिन्यात मेलेली असते, तिथली तेव्हा उठत असते. जुलै-ऑगस्टमध्ये वितळलेलं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र येतं आणि तेव्हा ती सर्वात मोठी असते. हिवाळ्यात ती पुन्हा बारीक होते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पाणी गढूळ झालं की पूर, निवळलं की ठीक. भागीरथी उन्हाळाभर राखाडी-दुधी रंगाचीच असते. हिमनदी आपल्या वजनाखाली खडक दळत सरकते, त्या खडकाचं पीठ पाण्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे पाणी गुडघाभर आहे की कमरेएवढं, हे डोळ्यांना कळत नाही. कानांना थोडं कळतं. रात्री तंबूत पडल्यावर पाण्याच्या आवाजाखालून जड गडगड ऐकू येते, ती तळाशी गोटे गडगडत नेल्याची. त्या आवाजात पाय टाकायचा नसतो. शिवाय पाणी गोठणबिंदूच्या जरा वर. एक-दोन मिनिटांत पाय बधिर होतात, बोटं दगड पकडत नाहीत. तरणतलावात रोज पोहणारी मुलंही तिथे सारखीच असहाय.

आता खोऱ्याबद्दल सांगते. नकाशा उघडून वाचलात तर बरं.

गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे. चौखंबाच्या 7,138 मीटरच्या शिखराखाली ती सुरू होते आणि वाटेत रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती यांच्यासारख्या हिमनद्यांची खोरी तिला येऊन मिळतात. गढवालीत हिमनदीला बमक म्हणतात. आपली माणसं तिथे पोचली की विचारतात, "ग्लेशियर कुठे आहे?" तेव्हा बरेचदा ती ग्लेशियरवरच उभी असतात. वरून दगडगोट्यांचा जाड थर असतो, बर्फ खाली. गोमुख समुद्रसपाटीपासून 3,900 मीटरच्या वर आहे आणि ते एका जागी थांबलेलं नाही. 1935 पासून त्याच्या जागेची मोजमापं होत आहेत. 1935 ते 1996 या काळात ते दरवर्षी सरासरी 19 मीटर मागे गेलं. साठ वर्षांत एक किलोमीटरहून जास्त, म्हणजे ठाणे स्टेशनचे तीन-चार फलाट टोकाला टोक लावून ठेवावेत एवढं. बर्फ मागे सरतो तेव्हा दोन्ही अंगांना दगड-मातीचे सैल ढिगारे उभे राहतात, त्यांना आपण पुस्तकात हिमोढ म्हणतो. त्यांना धरून ठेवणारा बर्फ निघून गेलेला असतो. दुपारच्या उन्हात त्यातून दगड सुटतात. आणि गोमुखाची जी बर्फाची भिंत आहे, तिचे तुकडे सांगून पडत नाहीत. तिच्या पायथ्याशी जाऊन गंगाजल भरू देऊ नका. थोडं खाली येऊन धारेतून भरलं तरी ते गंगेचंच आहे.

गोमुखापासून गंगोत्री 18 किलोमीटर. वाटेत भोजबासा, चीरबासा. गंगोत्रीच्या खाली नदी एकदम दगडात शिरते. भैरोंघाटीजवळ तिबेटच्या बाजूने येणारी जाडगंगा तिला मिळते, तिथली घळ इतकी खोल आणि अरुंद आहे की पुलावरून बघताना पाण्याचा आवाज आधी येतो आणि पाणी नंतर दिसतं.

आणि मग हर्षिलला दरी उघडते. 2,600 मीटरच्या आसपास, सपाट रुंद तळ, देवदार, सफरचंदाच्या बागा, नदी अनेक धारांत पसरलेली. बसमधून उतरल्यावर मला रडूच आलं, आणि ते सौंदर्याने नव्हतं. फळ्यावर मी आयुष्यभर 'यू' आकाराची दरी काढत आले, ती माझ्यासमोर होती. एके काळी गंगोत्री हिमनदी आजच्यापेक्षा चाळीसेक किलोमीटर खाली, झाला गावापर्यंत उतरलेली होती, असं हिमोढांच्या खुणांवरून भूशास्त्रज्ञ सांगतात. बर्फाने ही दरी रुंद केली, मग बर्फ गेला आणि नदीने, बाजूच्या ओढ्यांनी तळ गाळाने भरून काढला. झाल्याच्या पुढे सुक्खीची चढण लागते आणि नदी पुन्हा अरुंद 'व्ही' आकाराच्या घळीत कोसळते. एकाच दिवसाच्या बसप्रवासात धड्यातल्या दोन्ही आकृत्या. आपल्या बसमध्ये तेव्हा अंताक्षरी चालू असते. ती बंद करा असं म्हणत नाही, पण दहा मिनिटं थांबवा.

हर्षिलच्या तळात सपाट जागा फार कमी, आणि असते ती बहुधा बाजूच्या ओढ्याने आणून टाकलेली. तिथे ओढ्याला गाड म्हणतात. उभ्या उतारावरून येणारी गाड दरीच्या तळाशी पोचली की तिचा वेग मोडतो आणि बरोबरचे दगड-गाळ ती पंख्यासारखे पसरवते. पुस्तकात यालाच पंखाकृती मैदान म्हणतात. जमीन सुपीक, उतार सौम्य, समोर नदी. शेती तिथेच होते, मग घरं, मग हॉटेलं. धराली अशाच एका पंख्यावर वसलं होतं, तो खीरगाडने घातलेला. 5 ऑगस्ट 2025 ला दुपारी त्याच खीरगाडमधून गाळ आणि दगडांचा लोट आला आणि काही क्षणांत बाजारपेठेचा मोठा भाग गाडला गेला. खाली गावात त्या दिवशी फारसा पाऊस नव्हता, जे घडलं ते वर, नजरेआड. त्याच दिवशी हर्षिलजवळ तेलगाडनेही गाळ आणला, सैन्याच्या तळाला फटका बसला, भागीरथीचं पात्र अडून तिथे तळं साचलं. महाराष्ट्रातली माणसंही त्या खोऱ्यात अडकली होती. तुमच्यापैकी अनेकांचे फोन त्या रात्री वाजत राहिले असतील.

धरालीत कल्पकेदार नावाचं जुनं दगडी देऊळ होतं. ते आधीच जमिनीच्या पातळीखाली होतं, शिखर तेवढं वर. म्हणजे गाड पूर्वीही एकदा आली होती आणि देऊळ बुडवून गेली होती. ते देऊळ मी दोनदा पाहिलं, दोनदा नमस्कार केला, आणि ते खाली का आहे हा प्रश्न मला पडला नाही. यावेळी तेही पुन्हा गाडलं गेलं. धरालीच्या लोकांना दोष देणारी मी कोण? पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांना जागा बदलता येत नाही. आपण मात्र दोन रात्रींसाठी जातो, आपल्याला मुक्काम बदलता येतो. तुमच्या पत्रकात 'अगदी नदीकाठचं हॉटेल' हे आकर्षण म्हणून छापलेलं असतं. ते काढा. पाऊसकाळात तरी पंख्यावरचा आणि काठावरचा मुक्काम घेऊ नका, थोड्या वरच्या घट्ट जमिनीवरचा घ्या, लोकांना खोलीतून नदी नाही दिसली तरी चालेल.

ज्याला पाऊसच नसताना पूर येतो हे अजून पटत नसेल, त्याने 7 फेब्रुवारी 2021 आठवावा. शेजारच्या चमोली जिल्ह्यात, भर हिवाळ्यात, रविवारी सकाळी स्वच्छ उन्हात ऋषिगंगेला लोट आला. रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटून खाली आला होता. दोनशेहून अधिक माणसं गेली. ती बहुतेक धरणप्रकल्पांवर काम करणारी होती, रोजच्या कामावर आलेली.

आणि उलटही ध्यानात ठेवा. नदीचं पाणी अचानक कमी झालं तर ती सुटका समजू नका. ऑगस्ट 1978 मध्ये कनोडिया गाडमध्ये दरड कोसळली, तिच्या मलब्याने डबरानीजवळ भागीरथीच अडली, आणि तो बांध फुटल्यावर उत्तरकाशीपर्यंत पूर गेला. वाहती नदी आटते तेव्हा वर कुठेतरी ती तुंबलेली असू शकते. अशा वेळी पात्र सोडून वर चढायचं, गोटे गोळा करत बसायचं नाही. मनेरीच्या खाली तर धरणाचं पाणी सोडलं जातं तेव्हा ऊन-पाऊस दोन्हींचा संबंध नसतो. भोंगा वाजला की काठ सोडायचा, हे बारवी धरणाच्या खाली राहणाऱ्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. पण आपले यात्रेकरू तिथे आंघोळीला उतरतात.

हे सगळं एवढं उग्र का, असं मुलं विचारायची. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर बसलेला. हिमालय अजून उचलला जातो आहे. 20 ऑक्टोबर 1991 चा उत्तरकाशीचा भूकंप त्याच उचलण्याचा. गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंत, साधारण 1,150 मीटरपर्यंत, भागीरथी जवळजवळ पावणेतीन हजार मीटर उतरते. कळसूबाई 1,646 मीटर. कळसूबाईवर अर्ध्याहून अधिक कळसूबाई ठेवा आणि तेवढ्या उंचीवरून सव्वाशे किलोमीटरच्या आत एक नदी खाली आणा.

माझं मागणं मोठं नाही. मे महिन्याच्या प्रत्येक तुकडीची निघण्याआधी एक बैठक होते, तिथे पैसे आणि तिकिटांचं बोलणं होतं. त्या बैठकीत दीड तास खोऱ्याला द्या. येणाऱ्या प्रत्येकाला नकाशावर बोट ठेवून मुक्काम दाखवता आला पाहिजे आणि त्या मुक्कामाच्या वर कोणती गाड आहे हे सांगता आलं पाहिजे. वेळापत्रक वाटाड्याला विचारून आखा. तो पहाटे पाच म्हणाला तर ते पाचच राहू द्या, फोटो आदल्या संध्याकाळी काढा. तुमच्यातल्या अनेकांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे, तिथे हे तुम्ही शिकलेले आहात. प्रश्न तुमच्या मागे चालणाऱ्या चाळीस जणांचा आहे. ते सज्जन आहेत, पैसे भरून आले आहेत आणि आभाळ निळं दिसलं की पाण्यात पाय सोडून बसतात.

त्या मुलीचा घोटा नीट जुळला. ती पुन्हा हिमालयात गेली, या वेळी वाटाड्याच्या मागोमाग पहिली निघायची, असं तिने मला फोनवर सांगितलं. त्या म्होरक्यानेही ट्रेक सोडले नाहीत. आता तो हातात घड्याळ धरून लोकांना अंधारात उठवतो.

नौपाड्यात माझ्या घरी खोऱ्याचे नकाशे आहेत. भिंतीवर लावण्याजोगे मोठे करून घेतले आहेत, ओढ्यांची नावं मराठीत हाताने लिहिली आहेत. कुठल्याही शनिवारी संध्याकाळी, ठाण्यात, वाशीला, पनवेलला, कुणाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर, मी ते घेऊन येईन. मानधन नको. फक्त बैठकीची तारीख तिकिटं काढायच्या आधीची ठेवा, म्हणजे मुक्काम बदलायला वाव राहील.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नौपाडा, ठाणे